निळी चादर आणि माझी शैली

६ एप्रिल, रविवार. सकाळ.
लिफ्ट कंपनीतून रिटायर होऊन आठवडाही झाला नाही आणि आजपासून मी स्ट्रीट फोटोग्राफर. कॅमेरा सेकंडहँड, पण काळा. काळा असणं महत्त्वाचं. लोकांच्या डोळ्यांवर येत नाही.
वॉर्डाच्या सभागृहातल्या कॅमेरा क्लबात नाव घातलं. ३ नोव्हेंबरला, संस्कृतिदिनाच्या सुट्टीला, क्लबाचं प्रदर्शन असतं. नव्या सभासदाला एकच फ्रेम. क्लबात शिकवणाऱ्या होरिगुची सेन्सेईंची, म्हणजे आमच्या गुरूंची, अटही एकच: रस्त्यावरचा माणूस हवा आणि त्याचा चेहरा दिसायला हवा. एवढंच? मला हसू आलं. ओसाकात काय चेहऱ्यांचा दुष्काळ आहे?
क्लबात नाव घालण्याच्या आधीच, निरोपाच्या पार्टीत, सगळ्या ऑफिसला प्रदर्शनाचं आमंत्रण देऊन टाकलं होतं. कोतानी साहेबांनासुद्धा. ते म्हणाले, माकिता, तू आणि कला? येतो की, बघायलाच येतो.
येऊ दे.
संकल्प: रोज बाहेर पडायचं. कुणाला घाबरायचं नाही. उन्हाळ्यापर्यंत स्वतःची शैली.
बायको, फुमिए, म्हणाली, काहीही करा, पण दिवसभर घरात बसू नका.

८ एप्रिल, मंगळवार
आमच्या बाजारगल्लीत पूर्ण सकाळ. भरपूर फोटो. घरी येऊन पाहिले. सगळ्या पाठी.
आधी वाईट वाटलं. मग नीट पाहिलं. पाठीत केवढं काय काय असतं! थकवा, घाई, पिशवीचं ओझं. चेहरा खोटं बोलतो, पाठ नाही. पाठ हीच माझी शैली असणार बहुतेक.
दोन दिवसांत शैली सापडली. लोकांना वर्षं लागतात.

२४ एप्रिल, गुरुवार
क्लब. सेन्सेईंनी माझे सगळे फोटो शांतपणे पाहिले. मग विचारलं, माकिता-सान, ही सगळी माणसं तुम्हाला बघून पळतायत का?
बाकीचे हसले. मीही हसलो, खिलाडूपणे. सेन्सेई सत्तरीच्या पुढच्या आहेत. जुन्या वळणाच्या.

१ मे
नवी पद्धत. कॅमेरा कमरेशी धरायचा, बघायचं भलतीकडे आणि बटण दाबायचं. मोठे मोठे लोक असंच करतात.
मिळालं ते: गुडघे. कोबीची टोपली. एक कुत्रा, तो मात्र थेट माझ्याकडे बघतोय. चेहऱ्याची अट पूर्ण होते, पण माणसाची नाही.

४ मे, रविवार
धीर करून सरळ परवानगी मागितली. माफ करा, आपला एक फोटो काढू का? कोणीही नाही म्हणालं नाही. उलट हातातली कामं टाकून सगळे ताठ उभे राहिले आणि फोटोसाठी ‘व्ही’ करून दोन बोटं वर. मासेवाला, दोन बोटं. चपला शिवणारा, दोन बोटं. शाळेच्या मुख्याध्यापकांसारख्या दिसणाऱ्या एक बाई, त्याही दोन बोटं.
मी म्हटलं, बोटं नकोत, नेहमीसारखे वागा. मासेवाला म्हणाला, अहो, फोटो काढताना मी नेहमी असाच वागतो!
ह्या देशात स्ट्रीट फोटोग्राफी अशक्य आहे. दोष माझा नाही.

११ मे, रविवार
आज जे झालं ते कुणाला सांगणार नाही. इथे लिहितो, कारण इथे कोणी वाचत नाही.
गल्लीच्या टोकाला किनु आजीचं लोणच्याचं दुकान आहे. आजी शहाऐंशीची. दुकानापुढे तांदळाच्या आंबवलेल्या कोंड्याचं मोठं पिंप, त्यात ती मुळे आणि वांगी पुरून ठेवते. मी परवानगी मागायला वाकलो. माझी कंबर लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात तयार झालेली. लोक लिफ्टमध्ये अडकले की दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन वाकायचं, हे माझं आयुष्यभराचं काम. अर्धवट वाकणं मला येत नाही. गळ्यातला कॅमेरा सरळ कोंड्यात गेला.
आजी म्हणाली, मुरायला ठेवताय का? मग दोन दिवसांनी या!
आणि अशी हसली की काय सांगू. मी घाबरून कॅमेरा वर काढला, चालतोय का बघायला बटण दाबलं.
चालतो. वास येतो.

१२ मे
तो फोटो पाहिला. अर्ध्या चेहऱ्यावर ऊन, मागे वाकडी सायकल, लोंबणाऱ्या किमतीच्या पाट्या आणि मध्ये हसणारी आजी. काचेवर कोंडा होता म्हणून सगळ्याभोवती पातळ धुकं.
अप्रतिम. मला आतून माहीत होतं, मी त्या क्षणाची वाट बघत होतो.

१८ मे, रविवार
रीत म्हणून आजीला फोटोची प्रत दिली. तिने अख्खा मुळा दिला, मुरलेला. फुमिए म्हणाली, एवढं घेतलंत, परतभेट द्यायला हवी. म्हणून मोठी प्रत करून दिली. आजीने वांगी दिली. मग आम्ही बिस्किटांचा डबा दिला. आजीने काकड्या दिल्या.
फ्रिज उघडवत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१२ जून, गुरुवार
क्लब!!!
सेन्सेई आजीच्या फोटोसमोर बराच वेळ थांबल्या. म्हणाल्या, ही बाई तुमच्याकडे बघून हसतेय, तुमच्या कॅमेऱ्याकडे बघून नाही. हा लावू.
भिंतीवरची जागासुद्धा ठरली, दारातून आत आलं की समोर. कोतानी साहेबांना लगेच मेसेज केला. विचारलं, किती जण येताय.
आता खिशात कोंड्याची पुडी ठेवतो. फोटोआधी काचेला थोडा लावायचा. शैली म्हणजे सातत्य.

२२ जून, रविवार
बातमी पसरली. रिटायर झालेले न्हावी सेत्सुओ-सान स्वतः होऊन घरी आले. एवढ्या उकाड्यात काळा सूट. म्हणाले, किनुचा काढलात तसा माझा काढा. फक्त छातीपर्यंत. मागे काही नको. हसणार नाही मी.
किती नेमक्या कल्पना! कलेला सामान्य माणूस असा कपडे करून सामोरा जातो, हे बघून भरून आलं. कोंडा लावू का विचारलं. नको म्हणाले, स्वच्छ येऊ द्या.

६ जुलै, रविवार
आणखी चौघं. सगळे काळ्यात.
तांदळाच्या दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, मान थोडी डावीकडे वळवते, म्हणजे आमच्या ह्यांच्याकडे तोंड होईल, ह्यांचा फोटो उजवीकडे बघणारा आहे. दोन फोटोंचा एक संवाद! मला हे कधी सुचलं नसतं. ह्यांना मात्र मी पाच-सहा वर्षांत पाहिलेलं नाही.
एका आजोबांनी विचारलं, रंग उडणार नाही ना? नातवंडांपर्यंत टिकला पाहिजे.
माझ्या कामाचा लोक पिढ्यांच्या हिशेबाने विचार करतायत.
भेटी: खरबूज, टॉवेल, शेवयांची पेटी, बिअर. रीतीप्रमाणे प्रत्येकाला अर्ध्या किमतीची परतभेट जायला हवी. फुमिए दर शनिवारी डिपार्टमेंट स्टोअरमध्ये रांगेत उभी असते. म्हणते, तुमची कला मला पेलवत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
पितरांचे दिवस. फुमिएच्या माहेरी गेलो. देव्हाऱ्यावर सासऱ्यांचा फोटो: काळे कपडे, छातीपर्यंत, मागे काही नाही. म्हटलं, चांगला आहे, पण शैली नाही.
परत येताना बसमध्ये फुमिए म्हणाली, अहो, तुम्हाला खरंच कळलं नाही का? ते सगळे तुमच्याकडून मरणाचा फोटो काढून घेतायत. अंत्यविधीला फुलांच्या मध्ये ठेवतात तो. स्टुडिओवाला पैसे घेतो. तुम्ही वर बिस्किटं देता.
फुमिए चांगली बायको आहे, पण कलेतलं तिला कळत नाही.

१६ ऑगस्ट
सगळे फोटो पुन्हा पाहिले.
काळे कपडे. छातीपर्यंत. मागे काही नाही.
ठीक आहे. पण सुरुवात कलेपासूनच झाली होती.

१५ सप्टेंबर, सोमवार. वृद्धांचा सन्मानदिन.
बाजारगल्लीच्या मंडळाने विचारलं नाही, सांगितलं. सभागृहात निळी चादर टांगली होती, पुढे स्टूल. बाहेर रांग. नाही म्हणणार होतो. घरून निघताना वाक्यसुद्धा तयार केलं होतं: मी रस्त्यावरचा माणूस आहे, स्टुडिओचा नाही. पण दारात सगळे वाकले आणि मीही वाकलो. आणि एकदा वाकलं की आमच्याकडे काम स्वीकारलं असंच होतं.
रांगेत किनु आजी नव्हती. दुकानावरून जाताना विचारलं. म्हणाली, माझा झालाय की! तो पिंपातला. तुमचं ते तोंड आठवलं की मला अजून झोपेत हसू येतं.
ह्याला मी माझा स्टुडिओ कालखंड म्हणेन. तात्पुरता.

९ ऑक्टोबर, गुरुवार
जून महिन्यानंतर रस्त्यावर एकही फोटो काढलेला नाही. रविवारी निळी चादर असते. इतर दिवशी प्रती काढायच्या आणि परतभेटी पोचवायच्या. बाजारगल्लीतून जातानासुद्धा मान खाली घालून जातो. वर बघितलं की कोणीतरी विचारतं, आमच्या काकांचा कधी?
लिफ्टमध्ये अडकलेली माणसं फोनवर कशी बोलायची ते आता समजतं. ओरडायची नाहीत. हळू आवाजात विचारायची, अजून किती वेळ?
पण ३ नोव्हेंबर आहे. त्या एका भिंतीवर मी फोटोग्राफर आहे. कोतानी साहेबांचा मेसेज: अख्खा विभाग येतोय, मागून जेवायलाही जाऊ.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
किनु आजी गेली. दुपारी दुकानात बसल्या बसल्या डोळा लागला तो लागलाच.


२५ ऑक्टोबर. सकाळ.
आजीचा मुलगा योइचिरो घरी आला. दारातच गुडघ्यांवर बसला. म्हणाला, आईने सांगून ठेवलंय, फुलांत तोच फोटो ठेवा, माकिता-सानचा. मूळ फोटो मिळेल का? मी म्हटलं, त्यात काय विचारायचं.
मग तो आणखी खाली वाकला. तुमच्या प्रदर्शनाचं कानावर आलंय. आमचे सुतकाचे एकोणपन्नास दिवस व्हायच्या आत आईचा तोच चेहरा तिकडे भिंतीवर, लोक हिंडता हिंडता बघणार... तुम्हीच समजून घ्या.
मी म्हटलं, विचार करून सांगतो.

२५ ऑक्टोबर. दुपार.
ठाम नकार द्यायचा. फोटो माझा आहे. चेहरा तिचा असला तरी क्षण माझा आहे. अख्खा विभाग येतोय. कोतानी साहेब येतायत. दुसरा फोटो नाही. एकही नाही, सगळ्या पाठी, नाहीतर दोन बोटं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात वाकलो, आता एकदा ताठ उभा राहणार.

२५ ऑक्टोबर. संध्याकाळ.
नकार द्यायला गेलो. दुकानाचं शटर अर्धं खाली. आत योइचिरो त्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून कोंडा ढवळत होता. म्हणाला, रोज ढवळावा लागतो, नाहीतर मरतो. आईने एक दिवस चुकवला नाही.
मी वाकलो. म्हटलं, प्रदर्शनातून काढून घेतो.
सेन्सेईंना फोन केला. त्या म्हणाल्या, हो, तसंच करायला हवं. आणि पुढे म्हणाल्या: जागा मात्र तुमचीच राहील, तिथे दुसऱ्याचा लावणार नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार
अंत्यविधी. पांढऱ्या फुलांमध्ये आजी.
पण माझी नव्हे. अंत्यविधीवाल्यांच्या कॉम्प्युटरने सायकल पुसली, पाट्या पुसल्या, मागे आभाळी निळा रंग भरला. अंगात काळा किमोनो चढवला. उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू सारखी केली. कोंड्याचं धुकं गेलं. माझी शैली म्हणता येईल असं त्यात काही शिल्लक नव्हतं.
हसू तेवढं राहिलं होतं. ते त्यांना पुसता आलं नाही.
लोक रडत होते आणि वर बघून हसतही होते. मासेवाला म्हणाला, म्हातारी एवढी कशाला हसतेय? कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी खूप रडलो. सेत्सुओ-सान मला रुमाल देत म्हणाले, आता माझा परत काढा, मलाही हसायचंय.

३ नोव्हेंबर, सोमवार. संस्कृतिदिन.
दारातून आत आलं की समोर माझी जागा. खिळा. खाली पट्टी: शिगेनोबु माकिता.
अख्खा विभाग आला. कोतानी साहेब हात मागे बांधून खिळ्यासमोर उभे राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, खोल आहे. मला नाही कळत हे नवीन, पण खोल आहे. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती खिळा आला.
जेवताना साहेबांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं खिळ्याबद्दल विचारणार. हळूच म्हणाले, माकिता, ऐकलं ते खरं का? तू ते... काळ्या कपड्यातले पण काढतोस? डॉक्टरांनी काही फार चांगलं सांगितलेलं नाही रे.
रविवारची वेळ दिली.

९ नोव्हेंबर, रविवार
साहेब येऊन गेले. तक्रार विभागातलं त्यांचं जुनं वाकणं मी हुबेहूब करून दाखवलं, तेव्हा हसले. चांगला आला. घाबरलेला माणूस हसतो तसा, पण खरा.
चादर काढायला गेलो तर फुमिए म्हणाली, थांबा. सगळ्या गल्लीचे काढलेत, तुमचा कोण काढणार? बसा स्टुलावर.
म्हटलं, मी कॅमेऱ्यामागचा माणूस आहे. म्हणाली, बसा हो.
बसलो. सगळं माहीत आहे मला: खांदे सैल, नजर काचेच्या थोडी वर, मनात एखादी मजेदार आठवण. नेहमीसारखं वागायचं. मनात ठरवलं, हा फोटो शैलीदार असणार.
फुमिएने बटण दाबलं. मग स्क्रीनकडे बघून इतकी हसली की तिला चादरीला धरावं लागलं. म्हणाली, छान आलाय, हाच ठेवू फुलांत, दुसरा नको.
पाहिला. मान ताठ, चेहरा लाकडाचा, दोन बोटं वर.