आवाज फुटल्याचा गूळ

गुरुजी, आज दुपारी ती आलती. तुमच्या कलापथकातली ती बारकी पोट्टी, जिले तुमी ज्वारीच्या मचानावरून उचलून आनलं होतं. आता ती आपल्याच शाळेत शिकवते अन् कलापथकही तीच चालवते. चहासुद्धा घेतला नाही. उंबऱ्यातूनच म्हने, "पुढं गानाऱ्या पोट्ट्याचा आवाज फुटला. बजाराच्या दिवशी, भर कार्यक्रमात. लोकं हासले. तवापासून घरात तोंड लपवून बसला. तू येऊन समजाव त्याले." मी म्हनलं, "तूच समजाव ना." तं म्हनते, "मी बाईमानूस. माहा आवाज कुठं फुटला बे कधी? मी काय सांगू त्याले?" मी म्हनलं, पाहतो, लिहिनं चालू हाय. तिनं टेबलावरच्या कागदाकडं पाह्यलं अन् गेली. त्या कागदावर एकच ओळ होती, गुरुजी, अन् तीही खोडलेली.

हुरड्याच्या दिवसात शाळा सुटली का तुमी सायकल हातात धरून बांधाबांधानं फिराचे. गावाले वाटे, गुरुजी हुरडा खाले येते. तुमी तं पाखरं हाकलनाऱ्या लेकरायच्या आरोळ्या आयकत होते. ज्याची आरोळी पलीकडच्या वावरात पोचली, ते पोट्टं दुसऱ्या दिवशी कलापथकात. कोनाचं, कोन्या आळीतलं, हे तुमी कधी इचारलं नाही. मले न्याले आले तवा बाबा हासले, "गुरुजी, हा कायचा गाते? हा तं बोंबलते." तुमी म्हनले, "बोंबलते म्हनूनच पायजे. सूर मी लावून देईन, दम कुठून आनू?"

मग खताचं गानं, विहिरीचं गानं, अंगठा सोडून सही कराचं गानं. पुढं मी, मागं झील धरनारे पोट्टे. माहा शेवटचा शब्द उचलाचा, घोळवाचा, मले दम घेऊ द्याचा, एवढंच त्यायचं काम. मले ते माहे राबनारे गडी वाटत. आता लिहितानाही कान गरम होऊन राह्यले.

मोताळ्याचा बजार. दोन बैलगाड्या जोडून त्यावर फळ्या टाकल्या हायेत. उन्हं कललेत. मी वरचा सूर लावतो अन् गळ्यातून भलतंच काहीतरी निघते. कोनीतरी ओरडते, "अबे, कोंबड्याचा पाय दबला वाटते!" सारा बजार हासते. तुमी ढोलकी थांबवता, पिशवीतून गुळाचा खडा काढता, फोडता, अन् तिथंच सगळ्या पोरायले वाटता. "आपल्या पोराचा आवाज फुटला आज. आता हा मागं उभा राहून दुसऱ्याले उचलन." माह्यासमोरही एक फोड धरता. मले वाटते, तुमीही थट्टाच करून राह्यले. मी गाडीवरून उडी मारतो अन् पळतो. वळून पाहतो तं माह्या जागी ती मचानावरची पोट्टी.

आपल्या कलापथकाची ती रीतच होती, अन् मले ठाऊक होती. माह्याआधी ज्यायचे आवाज फुटले त्यायचा गूळ मी बोटं चाटून खाल्लेला. दुसऱ्याचा गूळ लय गोड लागते.

तुमी घरी आले. मी ज्वारीच्या पोत्यायमागं. तुमी दारातूनच, मले आयकू जाईन असं, बाबाले म्हनले, "फोड ठेवली हो त्याची. गूळ काही लवकर खराब होत नाही." मी हाललो नाही. मग मी अकोल्याले कॉलेजात गेलो, अन् तिथंच तुमी गेल्याचं कळलं. त्या दिवशी मी यमकाले शिव्या देनारी कविता वाचली. टाळ्या पडल्या. आताही मी लिहितो त्यात सूर नाही, ताल नाही. इचारलं तं सांगतो, प्रयोग हाय. प्रयोग हायच. पन गावात चार लोकायसमोर उभं राहून ते वाचाची हिंमत होत नाही. अजूनही वाटते, आवाज फुटन.

उद्या जातो त्या पोट्ट्याकडं. जाताना दुकानातून गूळ घेतो. त्याले सांगासारखी माह्यापाशी एकच गोष्ट हाय, अन् ती तुमच्याआधी त्याले सांगाची लाज वाटते. हे काही तुमाले पोचत नाही. पोचलं असतं तं लिहिलंच नसतं.

पळाल्यावरही मी तालमीले येत होतो. शाळेच्या मागच्या भिंतीले पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या काड्यायचा, ढीग होता, त्याच्या आडोशाले बसून झील धरत होतो. हळूच, त्या नव्या जाड्याभरड्या आवाजात. तिच्यासाठी. एकदा तुमी मधातच ढोलकी थांबवली अन् पोरायले इचारलं, "आज झील भरून येऊन राह्यली बे. कोन वाढलं?"

मी होतो, गुरुजी.