दस्तगीरभाईंची जियारत

सोलापूर,
गुरुवार, दुपार

आदरणीय चनबसप्पा अण्णा यांना शिवपुत्रचे मनापासून शरणु शरणार्थी.

वहिनींचा गुडघा आता काय म्हणतो? थोरली म्हैस व्याली का? तुम्हाला डॉक्टरांनी खारे शेंगदाणे बंद केले होते, ते खरोखर बंद आहेत की वहिनींची पाठ वळली की चालू होतात? इकडे ऊन मी म्हणतंय, पण माझी तब्येत उत्तम आहे. फोन सोडून अक्कलकोटला पत्र का पाठवलं, असं तुम्हाला वाटेल. त्याचं असं आहे, मी मोबाईलवर यापुढे एक अक्षरही टाइप करणार नाही अशी शपथ घेतली आहे (खरं तर गल्लीने ती माझ्याकडून घेतली आहे).

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी शब्दांच्या मागे लागलो आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कोणता शब्द कुठून आला, वाटेत कुठे कुठे मुक्काम करून आला, हे शोधत बसलं की दुपार कशी जाते कळत नाही. (तुमची बहीण सिद्धेश्वरी म्हणते, त्यापेक्षा दुपारी झोपा, लोकांना त्रास कमी होतो.) तर गेल्या आठवड्यात 'जियारत' हा शब्द हाती लागला. मूळ अरबी. अर्थ साधा, भेट देणे, भेटीला जाणे. पुढे तो पुण्यवंतांच्या कबरींच्या दर्शनाला, यात्रेला लागला. आपण मजार म्हणतो तो शब्दही त्याच कुळातला, म्हणजे जिथे भेटीला जायचं ती जागा. तिथून स्वारी फारसीत गेली, तुर्कस्तानात गेली. तिथे म्हणे मावशीकडे चहाला गेलात तरी ती जियारतच. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मंत्र्याच्या दौऱ्याला हाच शब्द. तिकडे जावा-सुमात्राला पुन्हा कबरींचं दर्शन. एवढं जग फिरून आलेला शब्द, अण्णा! मी त्याच्या प्रेमातच पडलो. सोलापुरात तो काय करतो, हे तेवढं विचारायचं राहिलं.

आणि नेमके त्याच दिवशी शेजारचे दस्तगीरभाई नदाफ दवाखान्यातून घरी आले. (तुम्ही त्यांच्याकडूनच गाद्या भरून घेतल्या होत्या, ते.) दुकानाची पाटी सरळ करायला स्टुलावर चढले, पाटी सरळ झाली, पाय वाकडा झाला. मांडीपर्यंत प्लॅस्टर. माणूस एकटा कंटाळेल, गल्लीने एकत्र जाऊन भेटावं, असा माझा शुद्ध हेतू. मी गल्लीच्या ग्रुपवर संदेश टाकला: 'आज सायंकाळी पाच वाजता दस्तगीरभाईंची जियारत. सर्वांनी अवश्य यावे.' मोबाईल चार्जिंगला लावला आणि समाधानाने आडवा झालो.

पाच वाजता मी किलोभर चिक्कू घेऊन हसत हसत निघालो. बघतो तर दारात चपलांचा ढीग, माणसं डोक्यावर टोप्या, रुमाल घालून खाली मान घालून उभी. मंडपवाला मंजुनाथ टेम्पोभर खुर्च्या उतरवतोय. कोणी गुलाबाच्या पाकळ्या आणल्यात, कोणी उदबत्त्या. माझ्या हसऱ्या तोंडाकडे आणि चिक्कूंकडे लोक असे बघायला लागले की मी ते चिक्कू पाठीमागे लपवले. मंजुनाथ कानाशी येऊन म्हणाला, "काका, तुमी एवढे जवळचे, आन् हसताय व्हय?"

अण्णा, आपल्याकडे जियारत म्हणजे मयताच्या तिसऱ्या दिवसाचा विधी. पेपरात निधनाच्या बातमीखाली छापून येतं, रोज वाचतो मी. भाई दवाखान्यातच गेले, दफनही तिकडूनच उरकलं, असं गल्लीने परस्पर धरून टाकलं होतं. पण शब्दकोशात तोंड घातलेल्या माणसाला पेपर कुठला आठवायला!

आत दस्तगीरभाई खाटेवर पाय पसरून कांदाभजी खात होते. पहिला माणूस आत गेला आणि किंचाळून बाहेर आला. मग सगळे आत घुसले. दस्तगीरभाई ओरडत होते, "अरे, मय जित्ता हूँ रे! रोते कायकू?" हळूहळू खुलासा झाला. पण दाराबाहेर लोक त्यांच्याबद्दल जे चांगलं बोलत होते, ते त्यांनी भिंतीआडून ऐकलं होतं. ते म्हणाले, आलाच आहात तर बसा आणि राहिलेलं बोलून टाका. मंजुनाथने खुर्च्या मांडल्या. त्यांच्या बेगम जैबूनभाभींनी मात्र झारा हातात घेऊनच माझ्याकडे पाहिलं. "भैया, लफ्ज वापरने के पैले कोनकू तो बी इचारो की!" एवढंच म्हणाल्या. पण झाऱ्यातून तेल गळत होतं, त्यामुळे मी दोन पावलं मागे सरलो.

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हंबरडा ऐकू आला. दस्तगीरभाईंचा धाकटा भाऊ महेबूब! वैरागला असतो, तिथेच त्याचं गादीचं दुकान. दस्तगीरभाईंच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत आपलं नाव व्याह्यांच्या खाली छापलं म्हणून सहा वर्षं हा थोरल्याशी एक शब्द बोलला नव्हता. (मोबाईलवरची बातमी किती दूर जाते बघा.) तो "भाई, मेरेकू माफ करो" म्हणत धावत आला, कोणी अडवायच्या आत खाटेवर झेपावला आणि नेमका प्लॅस्टरवर पडला. दस्तगीरभाईंनी जी किंकाळी फोडली, तिने महेबूब भिंतीला चिकटला.

मग दोघे एकमेकांकडे बघत राहिले. महेबूबच्या गालांवर पाणी तसंच होतं. शेवटी तो म्हणाला, "मरे नईं, तो मेरेकू बुलाया कायकू?" दस्तगीरभाई म्हणाले, "मय जित्तेपनी बुलाता तो तू आया रहता क्या?" आणि मग ती पत्रिका निघाली, व्याही निघाले, नाव वर का खाली निघालं, असं कडाक्याचं भांडण झालं की रडायला आलेली माणसं मिटक्या मारत ऐकत बसली. पण अण्णा, सहा वर्षांनी ते बोलत होते. जैबूनभाभींनी भांडणाच्या मध्येच दोन ताटं ठेवली. दोघे भांडत भांडत जेवले. महेबूब अजून गेलेला नाही. थोरल्याचा पाय बरा होईपर्यंत दुकान तोच बघतो आणि संध्याकाळी खाटेशी बसून पत्रिकेचा विषय पुन्हा काढतो.

सिद्धेश्वरी दारात तोंडाला पदर लावून उभी होती. मला वाटलं, रडते आहे.

मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार. गुडघ्याला एरंडेल चोळायला सांगा.

आपला,
शिवपुत्र

ता. क. – दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धेश्वरी माझ्याशी एक शब्दही न बोलता पिशवी भरून तुमच्याकडे निघून आली, हे तुम्ही जाणताच. मी वर तिचा विषय मुद्दाम टाळला. खरं काम हेच आहे. तिचा राग उतरला असेल तर तिला सांगा, मी शब्दांचा नाद सोडला. उतरला नसेल तर सांगा, मला ताप आहे. काहीही करून पाठवा.

ता. क. २ – पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात ती दुपारच्या एसटीने आलीच. ताप पाहायला कपाळावर हातसुद्धा ठेवला नाही. पत्र वाचून म्हणाली, मलाही अण्णाला दोन ओळी लिहायच्यात, तुम्ही जरा बाहेर जाऊन उभे राहा. उभा आहे.

अण्णा, मी सुखरूप पोचले. तुमी विचारत हुता, मी काय बोलले न्हाई. म्हेबूब आमच्या गल्लीच्या ग्रुपात न्हाईच. वैरागला फोन मी केलता. सकाळीच दस्तगीरभाईंना पेज देऊन आलते, मला सगळं ठाव हुतं. मेले म्हटलं न्हाई मी, ज्यारत हाय, या, एवढंच म्हटलं. ह्यांच्या पुस्तकात त्याचा अर्थ भेट असाच हाय की. रडायचं त्याचं त्यानं ठरवलं. ह्यांना सांगू नका. आन् तुमच्याकडं आले ती राग आला म्हणून न्हाई. ह्यांच्याफुडं हसू आवरंना म्हणून.
– सिद्धेश्वरी