सातवा उतारा

३ जानेवारी १९५५

शिकवणी ल्यू डाक्टरांच्या दुकानात. आत पाऊल टाकलं की लवंगेच्या तेलाचा वास, आणि टेबलावर ती काचेची बरणी. उपटलेल्या दातांची. आज चहाचा पेला नेमका तिच्याशेजारी ठेवला. दूध नाही, साखर नाही. प्यायलो.

त्यांची मुलगी लान आमच्याच शाळेत अकरावीला. याच गावात वाढली, बोलते आपल्यासारखी. बापाची भाषा मात्र चिनी आणि वर थोडी मोडकी हिंदी. तेही मुलीशेजारी वही घेऊन बसतात. परदेशी म्हणून पोलिसांकडून इंग्रजी कागद येतात, ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटते म्हणाले. मी इंग्रजी वाक्य मराठीत सांगतो, लान ते बापाला चिनीत सांगते. एक वाक्य तीन घरं हिंडून येतं.

कर्तरीचं कर्मणी. राजाने वाघ मारला, वाघ राजाकडून मारला गेला. चाळीस वाक्यं. लानची एकही चूक नाही.

मग माझ्या जुन्या वहीतला सातवा उतारा. बर्फातून चाललेला माणूस, सोबत कुत्रं. गाव समोर दिसतं आणि हा मागे वळतो. प्रश्न : तो का परतला? वहीतलं उत्तर : बर्फाला भिऊन.

लान म्हणाली, "गुरुजी, तो भ्याला नाई जी. कुत्रं मांगं राह्यलं होतं, म्हणून वापस गेला."

"वहीत आहे ते पाठ कर. परीक्षा वहीची असते."

ल्यूंनी बोट ओळीवरून उचललं. "गुरुजी, कुत्ता मिला क्या?"

"ते विचारत नाहीत."

४ जानेवारी

झरपटी नदीवर अंघोळ, महादेवाला पाणी. मन नव्हतं.

ती वही. वीस वर्षांपूर्वी मी लिहिली, सोळा उतारे आणि त्यांची उत्तरं. माझं इंग्रजी घरीच शिकलेलं. खेड्यातल्या शाळेत मराठी सातवी, पुढचं सगळं कंदिलाजवळ. शाळेच्या तेव्हाच्या इंग्रजीच्या मास्तरांनी भराभर उत्तरं सांगितली, मी उतरवली. तेव्हापासून शाळेचा 'न पाहिलेला उतारा' याच सोळांतून येतो. हे हेडमास्तरांना माहीत, पोरांना माहीत, त्यांच्या बापांनाही माहीत, कारण त्यांनीही हीच वही पाठ केली. झिजली की कुणीतरी नवी उतरवून देतं. माझं नाव सांगतात. मला बरं वाटायचं.

आज कपाटातून ते उतारे ज्यातले, ते मूळ इंग्रजी पुस्तक काढलं. कोश घेऊन सातवा उतारा पहिल्या शब्दापासून वाचला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

पोरगी बरोबर आहे. भ्याल्याचा शब्दसुद्धा कुठे नाही.

बाकीचे पंधरा उघडायचा धीर झाला नाही.

६ जानेवारी

सांगायला हवं होतं. चाचणी सोमवारी. सगळ्या वर्गाचं पाठ झालेलं, आता एक उत्तर बदललं तर गोंधळ होईल, असं स्वतःला म्हटलं. ती काही कारणं नव्हती. वही चुकली म्हणायला जीभ वळत नव्हती.

लानने पुन्हा विचारलं. "मंग मी काय लिहू, गुरुजी?"

"वहीतलं."

"बरं जी."

असं आज्ञाधारक 'बरं' ऐकलं की शिसारी येते. तिची नाही.

११ जानेवारी

काल इंग्रजीचा पेपर झाला. उतारा सातवा. वर्गातून फिरलो. सगळ्या माना खाली, सगळे टाक एकाच वेगाने चाललेले. वाचत कुणीच नव्हतं. लान तेवढी थोडा वेळ खिडकीकडे पाहत बसली, मग तिनेही लिहायला घेतलं.

ल्यूंच्या दुकानात आज शिकवणी नाही, कुणाची तरी कवळी बसवायची होती. बरं झालं.

१४ जानेवारी

संक्रांत. शिक्षकांच्या खोलीत हेडमास्तरांनी स्वतः तिळगूळ वाटला. मग दार लावून घेतलं.

नवे इंग्रजीचे मास्तर कोठेकर, नागपूरचे, तरुण. प्रश्न हेडमास्तरांनी काढले होते, पेपर यांनी तपासले. म्हणाले, सव्वीस पोरांनी एकच चुकीचं उत्तर लिहिलंय, शब्द न् शब्द तोच, हे काय आहे?

हेडमास्तर पानाची पिंक टाकून आले. "बघतो" म्हणाले. गठ्ठा चाळला आणि मधला एक पेपर काढला. लानचा.

"हिने शेजारणीचं पाहिलं असेल. चिनी पोरगी, तिला इतकं इंग्रजी कुठून? हिचा फॉर्म थांबवू. एकावर कारवाई झाली की शाळेचं नाव राहतं."

"आणि बाकीचे पंचवीस?" कोठेकरांनी विचारलं.

"ती आपली पोरं आहेत हो. पाठ केलं असेल."

कोठेकर माझ्याकडे पाहत नव्हते, त्यांना काही ठाऊक नाही. हेडमास्तर पाहत होते. त्यांना सगळं ठाऊक आहे. त्यांनी स्वतःच्या मुलासाठी वही माझ्याकडून नेली आहे.

मी तिळगूळ चघळत बसलो. तोंडात होता म्हणून बोललो नाही असं म्हणता येईल. बाहेर येऊन थुंकला.

मॅट्रिकचा फॉर्म गेला नाही तर तिचं वर्ष गेलं. वर्ष गेलं तर बाप थांबणार नाही. कलकत्त्याचं स्थळ आहे, चामड्याच्या कारखान्यातलं. तिला नर्स व्हायचंय, आणि नर्सिंगला मॅट्रिक लागतं. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तिने. म्हणून तर मी शिकवायला लागलो.

१५ जानेवारी

गेलो. लान आत होती, बाहेर आली नाही. ल्यू पाटीवरचा जबडा नव्याने रंगवत होते. हात पुसले, चहा आणला. खिशातून शाळेची चिठ्ठी काढली. तीन ओळी, इंग्रजीत.

"गुरुजी, ये मैंने अकेला पढ़ा। लान को नहीं पूछा। पहला कागज।"

ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. सावकाश, एकेक शब्द, मी शिकवलं तसं. अर्थही सांगितला, अगदी बरोबर. नक्कल केली, म्हणून नाव पाठवणार नाही.

"नापास लिखता तो ठीक था। इसमें चोर लिखा है।"

मला विचारलं नाही की तुम्ही तिथे होता का. विचारलं असतं तर बरं झालं असतं. बरणीतले दात पाहत बसलो.

निघताना म्हणाले, "सोमवार को आएंगे ना?"

१६ जानेवारी

सकाळी महादेवापुढे स्तोत्र म्हणायला बसलो. लहानपणी मार्कंड्याच्या जत्रेत आजोबांच्या खांद्यावर पाठ झालेलं, रोज म्हणतो. आज मध्येच थांबलो. पुढच्या ओळीचा अर्थ काय, हे मला सांगता येईना. चाळीस वर्षं म्हणतोय. देवालाही वहीतलंच उत्तर देत आलो.

तसाच बसून राहिलो. गुरवाने विचारलं, "काय झालं गुरुजी, विसरले का?"

म्हटलं, "नाही. आठवलं."

घरी जेवलो नाही. सरस्वती ताट घेऊन उभी. "लाखोरीची डाळ आवडते तुमाले, काऊन नाई जेवून राह्यले? त्या दातवाल्याकडचा कारा चाय पिऊ पिऊ भूकच मेली तुमची."

तिला सगळं सांगितलं. लग्नानंतर इतकं एकदम कधी बोललो नव्हतो.

ती म्हणाली, "मंग हेडमास्तरले सांगा ना."

"सांगितलं तर सव्वीसच्या सव्वीस अडकतील."

"अन् नाई सांगितलं तं?"

ताट ठेवून आत गेली.

१७ जानेवारी

सांगितलं. हेडमास्तरांच्या खोलीत, उभ्यानेच. उत्तर माझ्या वहीतलं आहे, चूक माझी, तिने कुणाचं पाहिलं नाही.

ते ऐकून घेतात तेव्हा हसतात. "गुरुजी, तुम्ही देवमाणूस. पण विचार करा. हे कागदावर आलं तर सगळेच पेपर रद्द. सगळे फॉर्म अडतील. धानाच्या बांधीवरून आलेल्या त्या बापांना तुम्ही सांगाल का, की पोरांचं वर्ष एका चिनी पोरीसाठी गेलं?"

मी दाराकडे वळलो.

"ती जाईल कलकत्त्याला, सुखी होईल. तुमची वही म्हणजे शाळेची इभ्रत आहे, गुरुजी."

पाठीवर थाप मारली. घरी येऊन अंगरखा धुवायला टाकला.

संध्याकाळी शिकवणी. लान बसली होती, डोळे सुजलेले. व्याकरण घेतलं. वाघ पुन्हा मारला गेला. ल्यूंनी वाक्य बरोबर उलटवलं, लानने त्यांच्या वहीवर खूण केली. ही शिकवणी आता कशासाठी, हे तिघांपैकी कुणीच बोललं नाही.

१९ जानेवारी

हेडमास्तरांना वगळून कोठेकरांच्या खोलीवर गेलो. भाड्याची खोली, खाटेवर पेपर. वही आणि मूळ पुस्तक दोन्ही नेली. शेजारी शेजारी उघडून ठेवली.

बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "बाकीचे पंधरा उतारे?"

"तपासले नाहीत. भीती वाटते."

ते माझ्या मुलाच्या वयाचे. मला खुर्ची दिली होती आणि स्वतः खाटेवर. हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. म्हणाले, "माझ्याही शाळेत वही होती गुरुजी. लाल पुठ्ठ्याची."

ठरलं ते असं. सव्वीसांतल्या कुणालाही नापास करायचं नाही. पण जिच्यावर आळ आला तिला खरोखर न पाहिलेला उतारा द्यायचा, हेडमास्तरांसमोर, आणि त्यांना कोठेकर तयार करतील. नागपूरच्या इंग्रजी वर्तमानपत्रातला, कोठेकर निवडतील, मलाही आधी दाखवणार नाहीत. हे शेवटचं मीच मागितलं.

२१ जानेवारी

दुपारी, हेडमास्तरांच्या खोलीत. लान उभी, दोन वेण्या, हातात रूळ धरावा तशी पेन्सिल धरलेली. उतारा पुराबद्दल होता. नदीकाठच्या गावात लोक छपरावर बसतात, एक म्हातारी शेळी सोडून नावेत यायला तयार होत नाही.

तिने दोनदा वाचलं. उत्तरं तोंडी. इंग्रजी वेडंवाकडं, काळ चुकत होते, एक शब्द सापडेना तर हाताने दाखवला. पण म्हातारीचं सगळं कळलं होतं तिला. नावाड्याला राग का आला, तेही तिने सांगितलं. ते मला कळलं नव्हतं.

कोठेकर पेन ठेवून म्हणाले, "इतकं समजतं, मग बर्फातला माणूस भिऊन परतला असं का लिहिलंस?"

लानने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माह्यंच चुकलं सर. नीट वाचलं नाई."

खोटं बोलली. माझ्यासाठी. सतरा वर्षांची पोर, दाराशी बाप टोपी हातात घेऊन उभा, आणि मी खुर्चीत. स्वतःची इतकी किळस कधी वाटली नव्हती.

उभा राहिलो. "तिने वाचलं होतं. दोनदा मला विचारलं. चुकीचं लिही असं मी सांगितलं. मला माहीत असून."

"गुरुजी, बसा," हेडमास्तर म्हणाले.

"ही वही माझी. उत्तर माझं. हे लिहून घ्या."

कोठेकरांनी लिहून घेतलं. मी सही केली. हेडमास्तरांनी तो कागद आणि लानचा फॉर्म दोन्ही टेबलाच्या खणात टाकले, वर बाकीचे पंचवीस ठेवले, किल्ली फिरवली. "सोमवारी टपाल जाईल. काय जाईल ते मी बघतो."

बाहेर ल्यूंनी लानला काहीतरी चिनीत विचारलं. तिने त्यांना सांगितलं. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. ल्यू माझ्याजवळ आले, थोडं वाकले आणि टोपी घातली.

२२ जानेवारी

गावात पसरलंच. बाजारात एका मुलाचा बाप भेटला, मूल गावाकडचा शेतकरी. "गुरुजी, पोराचा फारम अडला तं तुमच्याच घरी आणून बसवतो त्याले. मंग शिकवा आणखी एक साल." राग होता, हसतही होता. म्हटलं, आणा.

रात्रभरात मनाशी ठरवून आज दुसरा उतारा उघडला. त्याचंही एक उत्तर चुकीचं निघालं. तिसऱ्याची बरोबर आहेत.

२३ जानेवारी, रविवार

महादेवाला गेलो. स्तोत्राच्या दोनच ओळी म्हटल्या, अर्थ लावून. वेळ लागला.

संध्याकाळी ल्यूंकडे. रविवारी शिकवणी नसते तरी गेलो. दुकानाची फळी अर्धी लावलेली. लान आतून पाट घेऊन आली आणि नेहमीच्या जागी बसली. कलकत्त्याचं पत्र बरणीखाली दाबून ठेवलेलं दिसलं, उत्तर दिलेलं नाही. उद्या टपाल. हेडमास्तरांनी अजून काही सांगितलेलं नाही, मीही विचारायला गेलो नाही.

वही नेली नव्हती, मूळ पुस्तक नेलं. ल्यू म्हणाले, "वो बरफवाला।"

लानने वाचलं. ल्यूंनी बोट ठेवून मागोमाग वाचलं. माणूस चालतो, गाव दिसतं, धूर दिसतो. मागे पाहतो, कुत्रं नाही. वळतो. उतारा तिथे संपतो, खाली प्रश्न.

"कुत्ता मिला?"

"पुस्तकात नाही."

"पुस्तक में नहीं, वो मालूम। आपको क्या लगता है?"

लान पेन्सिल थांबवून माझ्याकडे बघत होती. उतारा पुन्हा हातात घेतला आणि वरून वाचायला लागलो.