आपल्या विहिरीची बाटली

दि. ९ ऑक्टोबर, गुरुवार सकाळ

चि. सूनबाई,

तुला आणि तुझ्या मांडीवरच्या माझ्या नातीला ओंजळ भरभरून आशीर्वाद. इकडे सगळे ठणठणीत. तुझ्या सासूबाईंचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र उत्तम चालते. तुझ्या नवऱ्याने पाळण्याला रंग दिला. अर्धा पाळण्याला, अर्धा स्वतःच्या विजारीला.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तुझं ‘बाबा’ ऐकलं की मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवतो. दूधगाडीवाल्याच्या हाती देतोय, संध्याकाळी पोचेल. रविवारी माहेराहून बाळाला घेऊन इकडे निघण्याआधी वाचच.

आधी जरा बढाई मारू दे. तू कपाटात ठेवून गेलेली पाणी तपासायच्या पट्ट्यांची डबी मी उघडली. आतला कागद चष्मा पुसून पुसून चार दिवस वाचला. पंप पाच मिनिटं चालवायचा, बाटली त्याच पाण्याने तीनदा खळबळायची, पट्टी बुडवायची, मिनिटभर थांबायचं आणि डबीवरच्या रंगांशी ताडून बघायची. पांढरी राहिली तर उत्तम. जितकी गुलाबी, तितकं खताचं नायट्रेट जास्त; जांभळी झाली तर सगळ्यांत वाईट. अकरा विहिरी तपासल्या मी! अकराच, कारण त्यांच्यावरचे पंप मी बसवलेत. पंपाच्या कुठल्याच शाळेचं तोंड न बघता, उघडून-जोडून शिकलेला हात हा. एकही पंप आजवर रुसला नाही.

सहा पांढऱ्या निघाल्या, पाच रंगल्या.

का, तेही माझं मीच शोधलं. ज्यांनी शेताच्या पाईपला खताची टाकी जोडून घेतली, त्याच या पाच. पंप बंद झाला की पाईपातलं खताचं पाणी उलटं विहिरीत उतरतं. ते अडवायला एक झडप लागते. मी ती कधीच बसवली नाही. ‘तिच्याने पाण्याचा जोर मरतो,’ असं ऐटीत सांगायचो.

पाचांतली एक कुणाची, ते लिहायचं टाळतोय, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

मागच्या महिन्यात तू म्हणालीस, ‘बाबा, बाळ वरच्या दुधावर आहे. पावडर आपल्याच पाण्यात कालवायची, तर आधी तपासायला एक बाटली पाठवा.’ मला झोंबलं गं ते. माझ्या वडिलांनी खणलेली विहीर, आणि तिची परीक्षा? अंगणात चार माणसांसमोर मी तुझी टर उडवली, ‘आमच्या सूनबाई बाळाबरोबर पाण्याचाही ताप बघतात!’ सगळे हसले. तू नाही हसलीस.

मी पाठवलेली बाटली आपल्या विहिरीची नव्हती. हरायला नको म्हणून भरलेली, पलीकडच्या आळीतल्या शिंपीणकाकूंच्या विहिरीची होती. त्यांच्याकडे ना शेत, ना खत. तुझी पट्टी पांढरी राहिली, तू फोनवर आनंदाने म्हणालीस, ‘बाबा, तुम्ही जिंकलात,’ आणि मी म्हणालो, ‘मग!’ ते ‘मग’ अजून तोंडात कडू लागतंय.

डबी उघडली तीही त्या ‘मग’मुळेच. वाटलं, आपली पट्टी पांढरी निघेल आणि खोटं आपोआप खरं होईल. ती अर्ध्या मिनिटात जांभळी झाली. कागदावर लिहिलंय, अशा पाण्याने तान्ह्या बाळाच्या रक्तात प्राणवायू पुरत नाही, बाळ निळं पडतं. आणि उकळूनही ते जात नाही. मी ती पट्टी कागदात गुंडाळून खिशात ठेवली. मग उरलेल्या दहा विहिरींकडे निघालो.

गेल्या रविवारी त्याच अंगणात, त्याच चार माणसांना आणि शिंपीणकाकूंना बोलावून सगळं सांगितलं. शिंपीणकाकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘माझं पाणी चोरून परीक्षेला बसवलंत, निदान पास झालं ते तरी कळवायचं होतं!’ त्या हसल्या म्हणून बाकीचे हसले. तुझा नवरा नाही हसला. दोन दिवस ताट उचलून ओसरीवर जेवला. काल मुकाट्याने पाना घेऊन आला, आणि आम्ही दोघांनी पाचही ठिकाणी झडपा बसवल्या. टाक्याही लांब हलवल्या. शेवटी एवढंच म्हणाला, ‘तिला तुम्हीच कळवायचं.’

आपल्या विहिरीवर मी लाल पाटी लावली, ‘हे पाणी पिऊ नये’. वडिलांच्या विहिरीवर असं लिहिलं, आणि अक्षरं लांबूनही वाचता येतील एवढी मोठी काढली. आता रस्त्यात लोक अडवतात, ‘काका, आमच्या पाण्याचा ताप बघायला कधी येता?’ मी छाती काढून सांगतो, ‘हे मला आमच्या सूनबाईंनी शिकवलं.’ टर उडवली त्याच शब्दांत आज मान मिळतोय, तो तुझा आहे.

झडप बसली म्हणून पाणी लगेच सुधारत नाही, तेवढं मला कळतं. तोवर शिंपीणकाकूंकडून रोज दोन कॅन मी वाहून आणीन, या वेळी विचारून. यायचं की नाही ते तू ठरव. नाही आलीस तर इथे तुला कुणी बोल लावणार नाही. लावला, तर गाठ माझ्याशी आहे.

आलीस तर बाटली मात्र स्वतःच्या हाताने भर. माझ्या हातून घेऊ नकोस, मी कितीही गोड बोललो तरी.

पाकिटात आपली जांभळी पट्टी ठेवली आहे. मागच्या वेळी आपली बाटली पाठवायची राहिली, तिच्या जागी ही.

तुझ्या परीक्षेत नापास झालेला, आणि तुझं नाव सांगत ताठ मानेने फिरणारा,
तुझा बाबा