साडेत्र्याण्णव इंच

प्रिय भागीदारीणबाई,

बायकोला पत्र लिहिताना वर 'अनेक आशीर्वाद' घालायचे, असं माझ्या वडिलांनी शिकवलं होतं. पण तू माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी, त्यामुळे आशीर्वाद द्यायचे की घ्यायचे हा घोळ लग्नापासून मिटलेला नाही. म्हणून सरळ नमस्कार. लेकीला आणि जावयांना आशीर्वाद, नातीला पापा. (तो तूच पोचता कर, तुझी दाढी टोचत नाही.)

तुझे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत उत्तम, कपाळ सोडून. त्याचं पुढे येईल. यानंतर 'विनंती विशेष' असं लिहायची पद्धत आहे, पण माझी विनंती विशेष काही नाही. आपलं सहज लिहितोय. फोन केला असता, पण हल्ली फोन लावला की तू तो नातीपुढे धरतेस, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसतो. तिला बोलता येत नाही आणि मला सुचत नाही. (तिच्या मागचा पडदा डावीकडे उतरलाय. जावयांना दांडा जरा उचलायला सांग.) पोस्टात टाकलं तर पोचेपर्यंत पोरगी शाळेत जायला लागेल, म्हणून कागदाचे फोटो काढून पाठवतोय. चष्मा लावून वाच, अंदाजाने वाचू नकोस.

तर दोघांनी मिळून बघायचं ठरवलेल्या या जुन्या शहरात मी एकटाच येऊन पडलोय. बुकिंग फुकट कशाला घालवता, तुम्ही तरी जाऊन या, असं तूच म्हणालीस. घर तूच फोटोत बघून पसंत केलेलं. फोटोत ते ऐसपैस दिसत होतं. प्रत्यक्षात दोन शेजाऱ्यांच्या मध्ये अंग चोरून उभं आहे, एकावर एक तीन खोल्या आणि त्यांना जोडणारा, शिडीचाच सख्खा भाऊ शोभेल असा जिना. मालकीणबाईंनी घराचा जुना थाट जसाच्या तसा परत आणलाय. आल्या आल्या त्यांनी मला सगळं घर हिंडवलं. जिना करकरतो, ते करकरणं मूळचं. जमीन उतरती आहे, तो उतार मूळचा. (चष्मा काढून ठेवला की तो भिंतीपर्यंत फिरून येतो.) मी कपाळ आपटलं ती चौकटही मूळची निघाली. टेंगूळ तेवढं नवीन. न्हाणीचा टब थेट पलंगाशेजारी, मध्ये आडोसा नाही, कारण तोही म्हणे मुळात नव्हता. तू असतीस तर सामान खोलायच्या आधी दोरी बांधून चादर टांगली असतीस. मी एकटाच असल्याने कोणाला लाजायचं हा प्रश्न आला नाही, तरी दिवा बंद करून आंघोळ करतो.

वरच्या खोलीत मोठी खिडकी आहे आणि खिडकीत दोघांना समोरासमोर पाय घेऊन बसता येईल असा कट्टा. एका बाजूला मी बसतो, दुसऱ्या बाजूला पिशवी ठेवतो. मधोमध बसून पाहिलं, जमलं नाही. खाली दगडी गल्ली, समोर घड्याळं दुरुस्त करणारा, त्याच्या शेजारी बेकरी. काल एक आपल्याच वयाचं जोडपं नकाशा उलटा धरून अर्धा तास भांडत उभं होतं. ती म्हणत असावी डावीकडे, तो म्हणत असावा उजवीकडे, आणि शेवटी दोघंही जिथून आले तिकडेच परत गेले. मला त्यांचा फार हेवा वाटला.

आता मुद्द्याचं. त्या खिडकीला पडदे आहेत. कापड जुनं पण अस्सल, चुण्या बेताच्या, रंग उडून छान झालेला. पण जमिनीपासून चांगले चार बोटं वर. घोट्यावर चढलेली पँट घालून कोणी समोर उभं राहावं, तसे ते माझ्यासमोर उभे. पहिला दिवस मी सहन केला, त्यांच्याकडे पाठ फिरवून बसलो. दुसऱ्या दिवशी चहा पिताना हात आपोआप खिशात गेला. (हो, टेप आणली होती. सुट्टीवर टेप न्यायची नाही असं तू दर वेळी बजावतेस, पण या वेळी बजावायला कोणी नव्हतं.) स्टुलावर चढलो, दांड्यापासून जमिनीपर्यंत माप घेतलं आणि नेहमीच्या आवाजात ओरडलो, "साडेत्र्याण्णव!"

आणि थांबलो.

तुला हे सांगायला नको, पण लिहितो. पडद्यांचं दुकान सुरू केलं त्या वर्षी मी मापं डोक्यात धरून आणायचो, आणि एका डॉक्टरांच्या बंगल्याचे सगळे पडदे वीतभर आखूड कापले. तेव्हापासून तू खाली उभी राहतेस, मी वरून आकडा टाकतो, तू तो मोठ्याने परत म्हणतेस आणि मग लिहितेस. तू म्हटल्याशिवाय माझी कात्री उघडत नाही. तू लेकीकडे गेल्यापासून मी दुकानात एकही नवीन पडदा कापलेला नाही. गिऱ्हाइकांना कापड यायचंय म्हणून सांगतो. कापड फळीवर आहे.

तर मी स्टुलावर टेप धरून उभा, आणि खोलीत चिडीचूप. पुन्हा ओरडलो. तेव्हा जिन्याखालून चावीवाली बाई ओरडली, "साडेत्र्याण्णव? काय पाहिजे साडेत्र्याण्णव?" (चावीवाली म्हणजे घराची झाडलोट बघणारी. मला चावी तिनेच आणून दिली, म्हणून मी तिला तसं म्हणतो.) आकडा बरोबर होता, आवाज तुझा नव्हता. मी स्टुलावरून उतरलो आणि कट्ट्यावर बसून रडलो. तू समोर असतीस तर डोळ्यात धूळ गेली म्हणालो असतो. पडद्यांना धूळही होती.

पण शेवटी माणूस धंद्याचा. खालची दुमड चाचपली तर आत भरपूर कापड. मी म्हटलं, मालकीणबाईंवर तेवढे उपकार करू, पडदे जमिनीला टेकवून जाऊ. भराभर एक पडदा उसवला. उसवून झाल्यावर लक्षात आलं की तुरपाई तू करतेस. कापणं आणि टांगणं माझं, सुई तुझी. मी दोन टाके घातले, ते बघून मलाच मालकीणबाईंची दया आली. नेमक्या त्या तेव्हाच आल्या. रागावल्या नाहीत, तेच वाईट. पलंगाच्या कडेला बसल्या, दोऱ्याचे तुकडे तळहातावर घेतले आणि म्हणाल्या, ही दुमड या घरातल्या पहिल्या बाईंनी हाताने घातली होती. खिडकीतून येणाऱ्या पाण्याने भिजू नयेत म्हणून पडदे मुद्दामच आखूड. थोडक्यात, घरातली एकच शहाणपणाची गोष्ट मूळची होती, ती मी उसवली.

लेकीचा परवा फोन आला होता. तू आधी म्हणालीस बाळाने मान धरली की येते, मग पालथी पडली की, मग बसली की. आता लेक विचारते, बाबा, ती चालायला लागेपर्यंत आईचं तिकीट पुढे ढकलू का, शनिवारपर्यंत सांगायचंय. मी म्हटलं ढकल की, मला काय, मी इथे मजेत आहे. फोन ठेवून त्या चौकटीत पुन्हा कपाळ आपटलं, या वेळी थोडंफार मुद्दाम. लेकीला तुझी गरज आहे, मला कळतं. पोरीला नोकरी, रात्रीची जागरणं, सगळं कळतं. माझी काही तक्रार नाही. स्वयंपाक जमतो, औषधं घेतो, झाडांना पाणी घालायला शेजाऱ्यांना सांगून आलोय. इकडची काळजी करू नकोस.

तुझा,
दुकानातला भागीदार

ता. क. विनंती विशेष नाही म्हटलं होतं, पण एक छोटीशी आहे. मालकीणबाई म्हणतात दुमड हातानेच घालायची, बारीक टाक्यांनी, मशीन चालणार नाही. मी म्हटलं असा टाका फक्त माझ्या बायकोचा. पुढचा पाहुणा यायला अवकाश आहे, काम होईपर्यंत राहा म्हणाल्या. तेव्हा तिकीट ढकलायच्या ऐवजी अलीकडे ओढता आलं तर बघ. हे घराच्या इज्जतीसाठी, माझं काही नाही.

ता. क. आणखी एक. तुझ्याशी खोटं टिकत नाही म्हणून सांगतो. ती दुमड कालच चावीवालीने बसल्या बसल्या घालून दिली. टाका तुझ्याइतका नाही, पण तू नाव ठेवू शकणार नाहीस असा. आज दुपारी मी ती पुन्हा उसवली. ती झाडू घेऊन दारात उभी होती, सगळं बघितलं. खाली जाऊन सुईदोऱ्याचा डबा आणला, कट्ट्यावर पिशवी होती तिथे ठेवला आणि विचारलं, "कधी येणार त्या?"

ता. क. शेवटचं. येत असलीस तर मोठं उत्तर लिहीत बसू नकोस. शनिवारच्या आत फोन कर, नातीला पुढे करू नकोस, आणि नुसता आकडा परत म्हण. मी कात्री घेऊन बसलोय. साडेत्र्याण्णव.