पाटल्यांपुढची तारीख

आबा, तुमची यादी सापडली. माझ्या लग्नातली, पंचांच्या सह्यांची, हळदीकुंकवाचे डाग पडलेली. आईच्या ट्रंकेत तळाशी, तुमच्या पगाराच्या चिठ्ठ्यांखाली होती. घटस्फोटात स्त्रीधन परत मागायचं तर लग्नात काय आणलं याचा कागद लागतो. वकीलबाईंनी तीनदा बजावलं होतं, "ताई, फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, तिथं वेळ जाणार. पोटगीचंही लवकर होत न्हाय. आधी तुमचं स्वतःचं काय ते सिद्ध करा की."

तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे. बावड्याच्या आपल्या घरी सोप्यात जाजम घातलंय, लग्नाच्या याद्या चालल्यात. नवऱ्याकडचं कोणीतरी खाकरून म्हणतंय, "पावणं, लेकीला काय घालणार ते मोठ्यानं वाचा." तुम्ही वाचताय. तांब्याचा हंडा, लोखंडी कपाट, शिलाई मशीन, गळ्यातला साज, पाटल्या. मी स्वयंपाकघरात लाजेनं अर्धी झालेय. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्म गेलेला माणूस लेकीचं लग्नही काट्यावर चढवणार, दुसरं काय! गाडीवाले घाई करायचे तेव्हा तुम्ही म्हणायचा, "डोळ्यानं बघितल्याबिगर मी आकडा टाकत न्हाय."

लग्नानंतर दर नागपंचमीला तुम्ही मला न्यायला यायचा. मला मूल नव्हतं, म्हणून रीतीप्रमाणे माझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायचा नाही. दाराशी बसायचा आणि नजर घरभर फिरवायचा. मला भयंकर राग यायचा. एकदा मी तोडूनच बोलले, "आबा, झडती घ्यायला आलाय काय?" तुम्ही म्हणालात, "बघतोय नुसतं." काय बघत होता ते आता कळलं. यादीत हंड्यापुढं तुमची खूण आहे आणि त्या पंचमीची तारीख. नवऱ्यानं हंडा मोडीत घातला ते वर्ष. पुढच्या पंचमीची तारीख मशीनपुढं, त्याच्या पुढची साजापुढं. जे जे घरातून गेलं ते तुम्ही टिपलंत आणि माझ्याजवळ अवाक्षर काढलं नाहीत.

शेवटची ओळ पाटल्यांची. तिथंही खूण आहे. पुढं दोन शब्द, "हातानं दिल्या." तारीख पंचमीची नाही, भर थंडीतली आहे. ती तारीख मी विसरणं शक्य नाही. नवऱ्याचा धंदा बुडाला होता. त्या दुपारी मी मोरीत साबण लावून पाटल्या उतरवल्या आणि त्याच्या ओंजळीत ठेवल्या. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. आणि आबा, त्या दिवशी तुमचं दुसरं वर्षश्राद्ध होऊन महिना झाला होता.

आईला विचारलं. ती म्हणाली, "किल्ली माझ्या कंबरंला. मला काय लिवाय येतंय व्हय?" अक्षर तुमचंच आहे. तारखेतला पाच तसाच, मान मोडलेल्या बदकासारखा. मी त्यावरून बोट फिरवलं तर कागद तेवढ्याच जागी गार लागला. आईनं हात लावून बघितला आणि पदरानं बोटं पुसत राहिली. मग म्हणाली, "उंबऱ्याभायेर ठेव त्यो कागद. घरात नगं."

मी कोर्टात शपथेवर लिहून दिलंय की पाटल्या त्यानं हिसकावून नेल्या. त्याचा वकील म्हणतो, बाईंनी खुशीनं दिल्या, म्हणजे ती भेट झाली. यादी दाखल केली की बाकी सगळं माझं ठरतं, पण मी खोटी पडते. वकीलबाई म्हणाल्या, "खालची ओळ दुमडा आणि झेरॉक्स काढा की." कोर्टासमोरच्या दुकानात मी ओळ दुमडली. कागद आपसूक उलगडला. पुन्हा दुमडून वर अंगठा दाबला, तर अंगठा बधिर झाला. दुकानदार म्हणाला, "ताई, पंखा बंद करू का?" पंखा बंदच होता. मी अख्ख्या कागदाची प्रत काढली आणि वकीलबाईंना खरं सांगून टाकलं. त्यांनी कपाळावर हात मारला. आता शपथपत्र बदलायचं, पाटल्या बहुतेक गेल्यात जमा. मी काही हरिश्चंद्र झाले नाही आबा. मला भीती वाटली, एवढंच.

पण राग आहे तो आहेच. तुम्ही बघितलंत, लिहिलंत आणि गेलात. मला अडवलं का नाहीत? एवढं एकच विचारायला लिहायला बसले होते. आता वाटतं, हे पत्र घडी करून ठेवावं, विचारायला तोंड नाही मला. त्या दुपारी मोरीत साबणाच्या वासावर एकदम उसाच्या मळीचा वास आला होता, तुमच्या खाकी शर्टाला यायचा तो. पाठीमागं कोण उभं आहे हे मला कळलं होतं. मी मुद्दाम वळले नाही. वळले असते तर तुम्ही "चल घरी" म्हणाला असता, आणि मला तेव्हा यायचं नव्हतं.