लाकडी रेलचा खांदा

अण्णा, तुमची लाकडी रेल गेल्या आठवड्यात पाडली. मैदानाच्या मालकाच्या नातवानं जागा विकली, तिथं आता दुकानं होणार आहेत. तसं पाडण्यासारखं उरलं होतं तरी काय? मधली उंच चढण, तिच्याखालचे काळे पडलेले खांब आणि गाडी थांबायची तिथला सांगाडा, एवढंच. बाकीचं लाकूड वर्षानुवर्षं लोकांनी चुलीत घातलं. मला त्याचं रडायलाही फुरसत नाही, कारण आईनं अन्न टाकल्यात जमा आहे. मी घास भरवला तर दोन घास खाते, स्वतःचे हात म्हणून पदराबाहेर काढत नाही. आणि ह्याला कारण तुम्ही आहात. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. पण जिवंत असताना तुम्ही कधी समोर बसून माझं ऐकून घेतलंत, म्हणून आता गप्प बसू?

पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं गेली होती. लोक संध्याकाळी पुन्हा बिनधास्त घराबाहेर पडायला लागले होते, असं तुम्हीच सांगायचात. तुम्ही कन्नड तालुक्यातलं गाव सोडून शहरात, शहागंजाच्या मागं बैलगाड्यांची चाकं दुरुस्त करत बसलेले. मैदानाच्या मालकाला कुठल्या तरी इंग्रजी मासिकात एक चित्र सापडलं होतं, विलायतेतल्या जत्रेतलं. लाकडी सांगाड्यावर रूळ, रुळावर गाडी, गाडीत किंचाळणारी गोरी माणसं. अख्ख्या शहरात कुणी सुतार त्या चित्राला हात लावेना. तुम्ही म्हणे ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणालात, "ही तर आपली बैलगाडीच हाय मालक. फकस्त बैल हरवल्यात."

आणि बैल तुम्ही शोधलेत. विलायतेत गाडी वर चढवायला इंजिन होतं, तुमच्याकडं विहिरीवरची मोट होती. मोटेचे बैल उतारावरून खाली जातात आणि पाणी वर येतं, तसं तुम्ही चढणीच्या मागं मातीचा उतार केलात. बैलजोडी त्यावरून खाली चालायची, कप्पीवरून जाड दोराचा सोल ताणला जायचा आणि माणसांनी भरलेली गाडी करकरत वर यायची. माथ्यावर आली की सोल सुटायचा. पुढं सगळा उतार, दोन गचके, एक वळण आणि नुसता आरडाओरडा. मैदानाच्या कडेला आपली पत्र्याची खोली होती. गाडी सुटली की स्वैपाकाच्या फळीवरची भांडी थरथरायची. आई भाकरी थापता थापता, मान वर न करता, एक हात वर करून पितळी डबा धरून ठेवायची आणि गाडी थांबली की सोडायची. मला अजून ती तशीच दिसते. एका हाताला पीठ आणि दुसरा हात डब्यावर, आणि बाहेर लोक ओरडतायत.

गाडी थांबवायची ती बाभळीच्या तुळईनं. शेवटच्या सपाट भागात रुळांच्या मधे ती आडवी असायची. तुम्ही दांडा ओढला की ती वर उचलली जायची, गाडीच्या पोटाला घासायची आणि गाडी थांबायची. लाकडावर लाकूड, कोरडं ठणठणीत. एवढीच तुमची सगळी विद्या होती आणि ती चालली. रोज पहिली फेरी रिकाम्या गाडीची, तुम्ही स्वतः दांड्यावर. घरच्या बाईमाणसानं मात्र रेल चालू असताना तिकडं फिरकायचं नाही, ही तुमची सक्त ताकीद. म्हणून कुठलं लाकूड काय काम करतं हे आईला कधी कळलंच नाही. ती रेल बघायची ती उभी असलेली, बंद.

पोळ्याला रेल बंद असायची. मालक दरवर्षी कातावायचे, सणाची गर्दी हातची जाते म्हणून. तुम्ही म्हणायचात, "बैलांचा सण हाय मालक. त्यांना सुट्टी, तर गाडी वर कोण वढणार? तुमी?" रेलला सुद्धा गेरूचे पट्टे, फुलांच्या माळा. आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आई बैलांची खांदेमळणी करायची. वर्षभर ओझं वाहिलेले खांदे तेल-हळदीनं चोळायचे आणि त्यांना म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. एका साली वाटीत तेल उरलं. तुम्ही झुली आणायला शहागंजात गेला होता. आईला वाटलं, ही रेल आपल्याला दोन वेळचं घालते, तिचंही ओझं कुणीतरी वाहत असेलच. रुळांच्या मधे ती जाडजूड तुळई तिला दिसली. तिला तो रेलचा खांदा वाटला. उरलेलं सगळं तेल तिनं त्याला चोळलं, अगदी मन लावून, आणि त्यालाही आवतण दिलं.

ही गोष्ट मला कुणी चोरून सांगितलेली नाही. आई स्वतः सांगायची, कौतुकानं, दर पोळ्याला. "त्या साली म्या रेललाबी आवतण दिलं व्हतं, तरीबी ती रुसली गं." तुम्ही समोर जेवत असायचात. खाली बघून जेवत राहायचात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी रिकामी गाडी जरा पुढं जाऊन थांबली. पावसाळी दिवस, लाकूड ओल धरतं, असं तुम्हाला वाटलं. सगळ्या सांगाड्यावर गेरूचे पट्टे होते, त्यात हळद कुठं दिसणार. मग भरलेली गाडी सुटली. तुम्ही दांडा ओढलात, तुळई वर आली आणि गाडी तिच्यावरून सरकत गेली. दांड्याखाली खांदा घालून तुम्ही सगळा भार दिलात, खांद्याचं हाड मोडलं, तरी गाडी शेवटच्या खांबावर आदळली. गंगापूरकडची एक नवी लग्न झालेली बाई त्यात गेली. लोक आले, पोलीस आले. सगळे विचारत होते, चूक कुणाची. तुम्ही तुळईला हात लावून पाहिला होता आणि तुमचा तळवा पिवळा झाला होता. तो तुम्ही धोतराला पुसलात आणि म्हणालात, "चूक माझी."

त्यानंतर रेल कधी चालली नाही. बैल विकले. शहरानं तुम्हाला चाक दिलं नाही, गाडी दिली नाही. फळांच्या पेट्या ठोकत तुम्ही म्हातारे झालात. शाळेत मला पोरी 'रेलवाल्या सुताराची' म्हणायच्या आणि मी घरी येऊन तुमच्यावर धुसफुसायची. तुम्ही म्हणायचात, "म्हणू दे." शेवटी दवाखान्यात, आई डबा आणायला गेलेली असताना, तुम्ही मला सगळं सांगितलंत, पिवळ्या तळव्यापर्यंत. आणि वर म्हणालात, "तिला कळू देऊ नको. ती जगायची नाय." एवढं ओझं माझ्या डोक्यावर ठेवून तुम्ही मोकळे झालात. अण्णा, हा कुठला न्याय? मी तुमची मुलगी आहे, तुमचा खांब नाही.

रेल पाडतायत हे कळल्यावर आईनं एकच धोशा लावला. "ह्यांच्या रेलचा खांदा मला आणून दे. तुळशीपाशी ठेवते." मी किती सबबी सांगितल्या! लाकूड कुजलं, वखारीत गेलं, मिळत नाही. दुसरंच एखादं लाकूड आणून फसवावं असंही मनात आलं. पण ती, मी शिकवते ती शाळा सुटायची वाट न बघता, एकटीच रिक्षा करून मैदानात गेली. शेजारणीनं निरोप दिला म्हणून मी धावत पोचले, तर ती तुळईशेजारी बसून तिच्यावरून हात फिरवत होती. तोडणारा मुकादम बिचारा भला माणूस. तो वाकून तिला दाखवत होता, "अम्मा, ये तो बिरेक का लकड़ा है. देखो, कैसा घिसा हुआ है. गाड़ी इसीपे रुकती थी."

आईचा फिरता हात त्या घासलेल्या जागेवर थांबला. मला वाटत होतं, ओरडावं, मुकादमाला गप्प करावं, पण त्याचं बोलून झालं होतं. मग तिनं मला विचारलं, "ह्यांना ठावं व्हतं?"

अण्णा, तुम्हीच सांगा, मी काय बोलणार होते? होय म्हणावं, तर तुम्ही जन्मभर तिच्यासाठी नाव घालवून घेतलंत हे तिच्या पदरात पडतं. नाही म्हणावं, तर तुम्ही स्वतःच्याच कामाला दोष देत मेलात, असं होतं. दोन्हीकडून तीच मरते. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला उत्तर मिळालं. उठली, दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि म्हणाली, "चल घरी."

तेव्हापासून ते हात बाहेर आलेले नाहीत. वेणी मी घालते, घास मी भरवते. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही नाही, पण असंच चाललं तर अवघड आहे. मी रागावून पाहिलं, पाया पडून पाहिलं. काल एकदाच बोलली. "ह्या हातानं त्या पोरीचा जीव गेला. आन् ह्यांचा खांदाबी." मी म्हटलं, अगं तुला काय ठाऊक होतं. ती म्हणाली, "म्हणून काय ती परत येती व्हय?" ह्याचं उत्तर तुमच्याकडं होतं का?

रात्रंदिवस तोच विचार करताना मला एक आठवलं. बैल विकल्यावर पहिल्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आई रिकाम्या गोठ्याकडं बघत बसली होती. तुम्ही सदरा काढलात, तिच्यापुढं पाठ करून बसलात आणि म्हणालात, "खांदा लई दुखतुया. तेल-हळद चोळ." मी हसले होते, आमचे अण्णा बैल झाले म्हणून. आईही हसली आणि तिनं चोळलं. मग तुम्ही दरवर्षी तसेच बसायचात. बाकी वर्षभर त्या खांद्याची तक्रार तुमच्या तोंडून कधी ऐकली नाही. मला ते तेव्हा गंमत वाटायचं. आज कळतंय, तिचे हात थांबू नयेत म्हणून तुम्ही बसत होता.

उद्या खांदेमळणी आहे. वाटीत तेल आणि हळद मी कालवून ठेवली आहे. संध्याकाळी मी तिच्यापुढं पाठ करून बसणार. ती हात बाहेर काढेल की नाही, मला माहीत नाही. नाही काढले तर पुढं काय करायचं, हेही माहीत नाही, आणि विचारायला तुम्ही नाही. हे पत्र कुठं टाकायचं तेही नाही. मुकादमानं मागाहून तुळई आपल्या दारात आणून टाकली आहे, तिच्या फटीत घालून ठेवीन.

एक मात्र तुम्हालाच सांगते, तिला सांगू नका. माझा खांदा दुखत नाही, अण्णा. पण उद्या मी लई दुखतो म्हणणार आहे.